लालबाग-परळचा वास्तुवारसा बघायचा कसा?

वास्तुशास्त्र शिकणाऱ्या काही मुलामुलींना गिरणगावात वारसा-फेरी काढायची आहे. एकदा ती मंडळी जाऊन आली आणि निराश झाली. चाळी सगळ्या सारख्याच दिसल्या, बऱ्याच गिरण्या पडलेल्या, उरलेल्या कुंपणाआड. त्यांचा प्रश्न असा, की फोर्टात जशी इमारत समोर उभी राहून बघता येते तसं इथे काय आहे? आणि नोंद करायची तर नेमकी कशाची?

जुन्या इमारतींची मोजणी आणि दुरुस्ती हे माझं काम, आणि त्यातला मोठा भाग लालबाग, परळ, करी रोड, काळाचौकी याच पट्ट्यात झाला आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी दर्शनी भागाचा नाद सोडा. ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८मध्ये युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि तो रास्तच आहे. त्या इमारती रस्त्यावरून बघाव्यात म्हणूनच बांधल्या होत्या. गिरणगावातल्या तशा नाहीत. त्या एका हिशेबानं उभ्या राहिल्या: पाळीचा भोंगा झाल्यावर चालत दरवाजावर वेळेत पोचेल असा माणूस, कमीत कमी जागेत किती राहू शकतो? चाळीची खोली, गॅलरी, जिना, नळ, गल्लीची रुंदी, खानावळ, गिरणीचं छप्पर, सगळं या एका हिशेबात बसतं. त्यामुळे एखादी इमारत एकटीच बघितलीत तर हाती काही लागणार नाही. गिरणी आणि चाळ एकत्र बघा, मग प्रत्येक खांब बोलायला लागतो.

पार्श्वभूमी थोडक्यात. कावसजी नानाभाई दावर यांची कापडगिरणी १८५६मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढच्या पन्नासेक वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि वरळीपासून शिवडीपर्यंत गिरण्या पसरल्या. कोकणातून, घाटावरून, पुढे तेलंगणातून आणि उत्तरेतून माणसं आली. गिरणीमालकांनी स्वतः घरं बांधली ती थोडीच. बहुतेक चाळी व्यापाऱ्यांनी आणि जमीनमालकांनी भाड्याच्या उत्पन्नासाठी उभारल्या. हाजी कासम चाळ, पेरू चाळ, तेजुकाया अशी नावं लालबागला आजही पत्त्यात चालतात.

आता चाळीपासून सुरुवात करू, कारण तिथेच सगळ्यांत जास्त बघण्यासारखं आहे.

खासगी मालकाची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, तीन-चार मजली लाकडी सांगाड्याची एक चाळ निवडा. रस्त्यावरून फोटो काढून पुढे जाऊ नका, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत जाऊन उभे राहा आणि वर बघा. गॅलरीच्या कडेला सागवानी खांबांची रांग असते. तळमजल्यावर खांब थेट जमिनीत गेलेला नसतो, काळ्या दगडाच्या तळखड्यावर बसलेला असतो, म्हणजे ओल वर चढत नाही. खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना हस्त, म्हणजे तुळईला आधार देणारे लाकडी हात, त्यावर तुळई, तुळईवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर चुना-विटांच्या चुऱ्याचा कोबा. हा कडीपाट. वाड्यांमध्ये जो सुतार काम करायचा त्याचीच ही भाषा आहे, फक्त वाड्यातला एक चौक इथे चार मजले उभा रचला गेला आणि प्रत्येक खणात एक कुटुंब बसवलं गेलं. खण म्हणजे दोन तुळयांमधलं अंतर. बहुतेक चाळींत एक खण म्हणजे एका खोलीची रुंदी, आणि म्हणून बाहेरचे खांब मोजलेत की आतल्या खोल्या मोजल्यासारख्या होतात. हे एकदा डोळ्याला बसलं की रस्त्यावरूनसुद्धा चाळीचा नकाशा वाचता येतो.

खांबाच्या कडा बघा. बऱ्याच ठिकाणी त्या तासलेल्या असतात आणि तासणी माणसाच्या डोक्याच्या वर कुठेतरी संपते. हस्तावर कधी साधी वेलबुट्टी, कधी नुसती गोलाई. लोखंडी कठडा असेल तर त्यातली नक्षी ओतीव आहे की घडीव, ते हात लावून कळतं: ओतीव लोखंडाला साच्याची बारीक रेघ असते. मालकानं पैसा कुठे घातला आणि कुठे राखला हे या तपशिलांत दिसतं. रस्त्याकडच्या गॅलरीला नक्षीचा कठडा आणि मागच्या बाजूला साध्या फळ्या, हा प्रकार सर्रास आहे.

मग खोली. आत बोलावलं तरच जा. दहा बाय दहा किंवा दहा बाय बारा, दारासमोर गॅलरी, मागच्या भिंतीला खिडकी, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा. मोरी नीट बघा, कारण चाळीच्या आयुष्याचा आणि तिच्या मरणाचा बराच भाग तिथे ठरतो. मोरी म्हणजे भांडी, धुणं, अंघोळ आणि साठवलेलं पाणी, सगळं तीन-चार फुटांच्या जागेत. अनेक चाळींत ती नंतर केलेली आहे. आधी नळ आणि नहाणी मजल्याच्या टोकाला होती, संडासही तिथेच. खोल्यांत मोऱ्या आल्या तसं पाणी कडीपाटात झिरपायला लागलं. तुळईचं जे टोक भिंतीत घुसलेलं असतं ते बाहेरून दिसत नाही, आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते. दुरुस्तीला गेलो की मी आधी मोरीखालच्या खोलीचं छत बघतो, आणि नंतर संडासाच्या भिंतीला टेकलेली तुळई.

दुसरी खूण भिंतींवर. जिथे एकेकट्या पुरुषांचे गाळे होते, तिथे एका खोलीत दहा-बारा जण राहायचे. पहिल्या पाळीचा कामाला गेला की रातपाळीचा त्याच जागेवर पथारी टाकायचा. अशा खोल्यांत भिंतीला उंचावर लाकडी पट्टी आणि तिच्यावर ओळीनं खुंट्या सापडतात. एका माणसाची एक खुंटी, खाली एक ट्रंक. खोलीत किती माणसं होती हे कुठल्याही कागदापेक्षा या खुंट्या जास्त प्रामाणिकपणे सांगतात. आता त्यावर रंगाचे अनेक हात चढलेले असतात, टीव्हीची वायर तिथूनच गेलेली असते, पण पट्टी असते. तिचा फोटो घ्या, जमिनीपासूनची उंची लिहा, खुंट्यांमधलं अंतर मोजा.

गॅलरीबद्दल बरंच भावुक लिहिलं जातं. मी ती रचनेच्या बाजूनं सांगतो. खोली इतकी लहान, की तिचा अर्धा वापर बाहेर होणार हे गृहीत धरूनच गॅलरी दिलेली आहे. ती वाट आहे, सावली आहे, पाऊस भिंतीपासून दूर ठेवणारी पडवी आहे आणि खोलीचा तुटलेला अर्धा भागही आहे. गॅलरीची रुंदी मोजा. जिथे ती जेमतेम माणूस जाण्याएवढी आहे तिथे ती नुसती वाट राहते; थोडी रुंद झाली की तिथे धान्य निवडलं जातं, मुलं अभ्यासाला बसतात, म्हातारी माणसं झोपतात. एका फुटाच्या फरकानं सगळ्या मजल्याचं जगणं बदलतं. पुनर्विकासाच्या नकाशात मात्र हाच फूट "कॉमन पॅसेज" म्हणून सगळ्यांत आधी कापला जातो, आणि ते बघून मला प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

सरकारी चाळी वेगळ्या वाचायच्या. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला आणि काळोख्या, कोंदट खोल्यांवर सगळ्यांची नजर गेली. १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टच्या इमारती म्हणजे बीआयटी (बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) चाळी. ट्रस्टनं एक नियम धरला होता, साडेत्रेसष्ट अंशांचा: इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको, म्हणजे आकाशाचा उजेड तळमजल्याच्या खिडकीपर्यंत तिरका पोचतो. दोन बीआयटी चाळींच्या मधल्या अंगणात उभे राहा आणि हा कोन डोळ्यांनी पडताळा. मग शेजारच्या एखाद्या जुन्या खासगी गल्लीत जाऊन तेच करा. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षं राहिले. तिथून जवळच दामोदर हॉल होता, जिथे १९२४मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची मुहूर्तमेढ रोवली गेली. वास्तुवारसा म्हटल्यावर विद्यार्थी कमानी शोधतात. या अंगणांमध्ये आणि छोट्या सभागृहांमध्ये काय घडलं, हेही त्या भिंतींचंच मोल आहे.

बीडीडी चाळी त्यानंतरच्या. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट १९२०मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात निघालं. मुंबईत येणाऱ्या कापसावर गासडीमागे एक रुपया कर बसवून पैसा उभा करायचा आणि ५० हजार खोल्या बांधायच्या, असा बेत होता. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गाला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला अधिक तीन मजले, मजल्याला २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. इथे लाकूड नाही. एवढ्या मोठ्या प्रमाणावर कामगारांच्या घरांसाठी सिमेंट काँक्रीट वापरण्याचे हे मुंबईतले सुरुवातीचे प्रयोग. आणि इथे बाहेरची गॅलरीही नाही. मध्ये लांब बोळ आणि दोन्ही हातांना खोल्या. जागा वाचली, पण बोळ दिवसाही काळोखा राहिला. लोकांनी त्यावर स्वतःच उत्तर काढलं: दारं दिवसभर उघडी ठेवायची. त्यामुळे बीडीडीचा बोळ हा दारं उघडी धरूनच बघायचा असतो. बंद दारांचा नकाशा खोटा ठरतो. सुरुवातीला यातल्या अनेक खोल्या रिकाम्याच पडून होत्या, कारण भाडं जास्त आणि गिरणीपासून अंतर लांब. वरळीच्या काही चाळी सविनय कायदेभंगाच्या काळात तात्पुरता तुरुंग म्हणूनही वापरल्या गेल्या. आता म्हाडाकडून पुनर्विकास चालू आहे, ५०० चौरस फुटांची घरं मिळताहेत, आणि वरळीतल्या पहिल्या कुटुंबांना २०२५च्या ऑगस्टमध्ये चाव्याही मिळाल्या. बीडीडी बघायची असेल तर उशीर करू नका.

गिरण्यांकडे वळू. बहुतेक आत जाता येत नाहीत. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ताब्यातल्या आवारांत परवानगीशिवाय पाय ठेवू नका, पहारा असतो आणि छपरं खरंच धोकादायक असतात. पण बाहेरून किंवा एखाद्या उंच इमारतीच्या जिन्यावरूनही बरंच कळतं. आधी दोन प्रकार ओळखायला शिका. सूतकताईची इमारत उंच, तीन-चार मजली, ओळीनं मोठ्या खिडक्या. विणकामाचं खातं मात्र जमिनीवर पसरलेलं, एकमजली. कारण साधं आहे: शेकडो माग एकदम चालले की हादरे बसतात, तो भार जमिनीनंच घ्यायचा. म्हणून विणकर खात्याचं छप्पर विस्तीर्ण आणि करवतीच्या दात्यांसारखं. प्रत्येक दात्याची एक बाजू तिरकी, कौलांची किंवा पत्र्याची. दुसरी उभी, काचेची. काच बहुतेक उत्तरेकडे, कारण आपल्याकडे उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा आणि थंड मिळतो, ऊन थेट मागावर पडत नाही, तुटलेला धागा दिसतो. होकायंत्र घेऊन जा आणि काचेची दिशा तपासा. छपराची दिशा रस्त्याशी जुळत नसेल तर गिरणीच्या दृष्टीनं सूर्य रस्त्यापेक्षा महत्त्वाचा होता हे लगेच कळतं.

हा उजेड नुसत्या तंत्राचा विषय नव्हता. विजेचे दिवे येण्याआधी गिरणी उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. दिवे आले आणि तास लांबले, दिवसाला चौदा-पंधरा तासांपर्यंत गेले. १९०५मध्ये त्यावरून कामगारांचा संताप उसळला आणि १९११च्या कायद्यानं कापडगिरण्यांत पुरुषांच्या कामावर १२ तासांची मर्यादा आली. करवती छप्पर आणि दिव्याची वायर शेजारी-शेजारी दिसली की मला हा सगळा झगडा त्या छतात लिहिलेला दिसतो.

आतमध्ये शिरायची संधी मिळालीच, तर ओतीव लोखंडाचे खांब बघा. त्यांच्या वरच्या भागाला बाजूनं बाहेर आलेले कान किंवा सपाट बैठका असतात. बरेच जण ती सजावट समजतात. तिथे लाइनशाफ्ट, म्हणजे फिरता लांब दांडा, बसायचा: एका वाफेच्या इंजिनाची ताकद दोरांनी आणि पट्ट्यांनी प्रत्येक मजल्यावर, तिथून प्रत्येक यंत्रावर नेली जायची. म्हणजे खांबांची रांग छपराचा भार घेत होती आणि यंत्राची ताकदही वाहत होती. खांबांमधलं अंतर छपराएवढंच यंत्रांच्या मापावरूनही ठरलेलं असतं. १९१५मध्ये खोपोलीहून टाटांची जलविद्युत मुंबईत आली आणि हळूहळू प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर लागली. शाफ्ट गेले, कान उरले.

बॉयलरला पाणी लागायचं, म्हणून गिरण्यांच्या आवारात तळी होती. काही बुजवली गेली, काही अजून हिरवी उभी आहेत. धुराडं तर लांबूनच दिसतं. विटांचं बांधकाम वर जाता-जाता निमुळतं होतं, भोवती लोखंडी पट्टे आवळलेले असतात. लोअर परळच्या फिनिक्स मिलचं धुराडं मॉलच्या आवारात राखलं आहे. राखलं हे चांगलंच, पण ज्या बॉयलरचं ते नळकांडं होतं आणि जो बॉयलर ज्या खात्याला वाफ द्यायचा, ते काहीच भोवती नसल्यामुळे बघणाऱ्याला त्याचा अर्थ लागत नाही. याच कारणासाठी काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्र. २-३च्या आवारातल्या वस्त्रोद्योग संग्रहालयाच्या योजनेला माझा मनापासून पाठिंबा आहे. तिथे गिरणीचा सलग तुकडा राखण्याची संधी आहे.

गिरण्या एवढ्या झपाट्यानं कशा गेल्या, हे विद्यार्थ्यांना माहीत हवं. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, आणि अनेक गिरण्या त्यानंतर पूर्वपदावर आल्याच नाहीत. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ नुसार गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१च्या बदलानं हा हिशेब फक्त मुळात रिकाम्या असलेल्या जमिनीला लागू राहिला; ज्या जमिनीवर बांधकाम होतं ती वाटणीतून सुटली. सर्वोच्च न्यायालयानं २००६मध्ये हा बदल कायम ठेवला. म्हणजे ज्या शेडी आपण वारसा म्हणून बघतोय, त्यांच्या पायाखालची जमीन त्या पाडल्यावर जवळजवळ पूर्ण मालकाच्या हाती राहत होती. त्या पाडण्यामागचं गणित एवढं सरळ होतं.

गिरणी आणि चाळ यांच्या मध्ये काय होतं, तेही बघाच. खानावळी बहुतेक चाळीच्याच खोल्यांत चालत, बायका चालवत. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना सोबत घेऊन. त्यांच्या खोल्यांमध्ये मोरी मोठी आणि धुराला वाट काढलेली सापडते. गल्ल्यांमध्ये व्यायामशाळा, भजनी मंडळांच्या जागा, तळमजल्यावर मसाल्याचे डंक आणि चिवड्याची दुकानं. भारतमाता चित्रपटगृह. गणेशगल्लीचा गणपती १९२८चा, लालबागच्या बाजारातला १९३४चा: मांडव कुठे पडतो, मूर्ती कुठल्या वळणावरून निघते, यावरून गल्लीची खरी रुंदी कळते. परळचं कामगार मैदान आणि वरळीचं जांबोरी मैदान हेही नकाशात हवेत, सभा तिथेच व्हायच्या.

परळला थोडा वेळ जास्त ठेवा. हाफकिन संस्थेची इमारत आधी चर्च होती, मग गव्हर्नरचा बंगला, आणि १८९९पासून प्लेगवरच्या संशोधनाची प्रयोगशाळा. केईएम रुग्णालय १९२६चं, गेटवे ऑफ इंडिया रचणाऱ्या जॉर्ज विटेट यांच्या हातचं. नौरोसजी वाडिया प्रसूतिगृहही १९२६चं, गिरणीत राबणाऱ्या घरांमधल्या बायकांसाठी. आणि जाता-जाता बारादेवीचा शिव बघून या. रस्त्याचं काम चालू असताना १९३१मध्ये सापडलेली, पाचव्या-सहाव्या शतकातली ही अखंड शिळा गिरण्यांच्या धुरापेक्षा परळ किती जुनं आहे याची साक्ष देते.

फेरीचा मार्ग मी असा धरेन. करी रोडला उतरून भारतमातापाशी या, लालबागचा बाजार आणि गणेशगल्ली बघून काळाचौकीकडे, तिथून परळ. पश्चिमेची बाजू, म्हणजे डिलाइल रोडच्या बीडीडी आणि लोअर परळच्या गिरण्यांची आवारं, दुसऱ्या दिवशी. एका दिवसात दोन्ही केलंत तर पाय दुखतील आणि डोक्यात काही राहणार नाही. लालबागचा उड्डाणपूल चाळींच्या वरच्या मजल्यांसमोरून जातो. बसनं जाताना खिडकीशी बसा, कौलं आणि गॅलऱ्यांचे कठडे एरवी दिसत नाहीत अशा उंचीवरून दिसतात. सणासुदीला मोजणीला जाऊ नका. दुपारी दोन ते चार ही वेळही टाळा, लोक जेवून पडलेले असतात. आधी चाळ कमिटीच्या सेक्रेटरीला भेटा, काय मोजणार आणि कागद कोणाकडे जाणार ते सांगा. हे न सांगता टेप काढलात की तुम्ही बिल्डरची माणसं ठरता, आणि लोकांचं तसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. दारातून आत कॅमेरा रोखू नका. काका-काकूंना, आजींना बोलतं करायचं असेल तर "इमारत कधीची" असं विचारू नका, "नळ आधी कुठे होता" हे विचारा. तारखा लोक विसरतात, पाण्याची जागा कधी विसरत नाहीत.

मोजताना नकाशापेक्षा छेदाला, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसेल त्या चित्राला, महत्त्व द्या. गल्ली, तळमजल्याचं दुकान, गॅलरी, खोली, पोटमाळा, कौल आणि मागची घरगल्ली, हे सगळं एका उभ्या छेदात आलं की चाळ कळली. घरगल्ली म्हणजे दोन चाळींच्या पाठींमधली सफाईची अरुंद वाट. ती सोडून काढलेला छेद अर्धवट. तुळयांची जाडी-उंची लिहा. जिथे सागवानी खांब जाऊन लोखंडी गर्डर आला आहे तिथे खूण करा, ती म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या कामाची निशाणी. भिंतीला चुन्याचा गिलावा आहे की सिमेंटचा, ते टिचकी मारून बघा. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंट चढवलं की ओल आतच कोंडते आणि लाकूड भिंतीतल्या भिंतीत कुजतं. चांगल्या हेतूनं झालेल्या या एका दुरुस्तीनं जेवढ्या चाळी खिळखिळ्या झाल्या तेवढ्या पावसानंही केल्या नसतील, असं माझं मत आहे.

कागदांमध्ये सीएस (सिटी सर्व्हे) नंबर आधी मिळवा. त्यावरून मालमत्ता पत्रक आणि जुन्या सिटी सर्व्हेचे नकाशे काढता येतात. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी, आहे का, आणि असेल तर १ सप्टेंबर १९४०च्या आधीची म्हणजे 'अ' वर्गातली आहे का, हेही बघा. पुनर्विकासाचे नियम त्यावर ठरतात. मुंबईत वारसा नियम १९९५मध्ये आले आणि श्रेणी एक, दोन-अ, दोन-ब, तीन अशी यादी आहे. ती चाळून बघा. चाळीची किंमत एका इमारतीत नसते, गल्लीच्या रचनेत असते, आणि इमारतीगणिक श्रेणी देणाऱ्या पद्धतीत ती पकडणं अवघड जातं.

मग या चाळी राखायच्या का, असं तुम्हाला फेरीत कोणीतरी विचारणारच. मी सरसकट हो म्हणत नाही. चार जणांच्या कुटुंबानं १६० चौरस फुटांत राहावं आणि पहाटे संडासाच्या रांगेत उभं राहावं, कारण मला त्यांचा कडीपाट आवडतो, हे मी कोणाच्या तोंडावर सांगू शकत नाही. घरात संडास मागणं हा वारशावरचा हल्ला नाही. पण त्यापुढे बरंच मागता येतं. काही निवडक चाळी मजबूत करून, दोन खोल्यांची एक करून राखता येतात. लाकडी सांगाड्यात सडलेला खांब तेवढा बदलता येतो, ही त्या बांधणीची मोठी सोय आहे. नव्या इमारतीत रुंद, उजेडाची गॅलरी मागता येते. दोन इमारतींमधलं अंतर साडेत्रेसष्ट अंशांच्या हिशेबानं मागता येतं. सव्वाशे वर्षांपूर्वी जे प्लेगनं शिकवलं ते आज पुनर्वसनाच्या टॉवरांमध्ये पुन्हा विसरलं जातंय, आणि तळाच्या मजल्यांवर दिवसा दिवे लागताहेत.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडाची अतिधोकादायक इमारतींची यादी येते आणि त्यातली कुटुंबं संक्रमण शिबिरात हलवली जातात. म्हणून मोजणीचं काम हिवाळ्यात धरा, एका चाळीचा एक मजला आणि एक छेद एवढंच, पण पूर्ण. त्याच्या दोन प्रती काढा. एक तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवा आणि दुसरी चाळ कमिटीला नेऊन द्या. पुनर्विकासाच्या बैठकीत कोणाची खोली किती, पोटमाळा आणि गॅलरी धरली की नाही, यावरून वाद सुरू झाला की तटस्थ माणसानं घेतलेली ही मापं त्यांना कामाला येतात.